हिरव्या पानाची डबी आणि बांधावरची शिकेकाई

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, हे आता तुम्हाला नव्याने सांगायला नको. लाल म्हणजे सर्वांत जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. शेतीशाळेत हा विषय निघाला की मी विचारतो, हिरव्याचा अर्थ काय? निम्म्या लोकांचे उत्तर ठरलेले, ‘त्याला काय धोका नाही.’ तसे नाही. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. बिनविषारी नव्हे.

हाच हिरवा रंग हल्ली दुसऱ्या डब्यांवर फार दिसू लागला आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात कुठल्याही दुकानासमोर घटकाभर उभे राहा. शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा, साबण, केसांचे तेल, चेहऱ्याचे क्रीम, केस काळे करायची पूड. कुणावर कडुनिंबाची डहाळी, कुणावर कोरफडीचे पाते, कुणावर आवळा छापलेला. वर लिहिलेले ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘केमिकल फ्री’, ‘पर्यावरणपूरक’. ते पान छापायला शाईशिवाय काही लागत नाही. आत त्या पानाचा किती अंश आहे, हे मात्र चित्रावरून कळत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. बियाणे, खत, औषध घेताना तुम्ही जी चौकशी करता, तीच अंगाला आणि डोक्याला लावायच्या वस्तूची करा. आणि ती करून झाली की एकदा आपल्या बांधाकडेही बघा.

कृषी खात्यातल्या माणसाने साबण-शॅम्पूवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. एक तर या डब्यांवर जी झाडे छापली आहेत ती आपल्या रानात वाढतात. दुसरे म्हणजे, कातडी ही काही बंद कवाडासारखी नाही, हे आम्हाला फवारणीने शिकवले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध श्वासावाटे जसे आत जाते तसे उघड्या अंगातूनही जाते. मग रोज तोंडाला चोळलेली वस्तू वरच्यावर राहते, हे कशावरून?

आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाचा बाजार आपल्याला काही नवा नाही. सेंद्रिय टॉनिक, चमत्कारी अर्क अशा नावांनी बाटल्या विकणारे गावोगाव फिरत असत. त्यांच्यावर बंधन यावे म्हणून २०२१ साली असली उत्पादने खत नियंत्रण आदेशाखाली आणावी लागली. शेतमालाला सेंद्रिय म्हणून विकायचे तर शेतकऱ्याला प्रमाणपत्र दाखवावे लागते, तपासणीला सामोरे जावे लागते. डबीवाल्याला मात्र आपण काहीच विचारत नाही. शेतकऱ्याला एक न्याय आणि डबीवाल्याला दुसरा, असे का?

आता विचारायचे काय, ते सांगतो.

डबी उलटी करा. समोरची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची. मागे बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचे ती मुदत आणि घटकांची यादी एवढे हवेच. यातले काही नसेल तर ती वस्तू घेऊ नका, मग पुढे कितीही पाने छापलेली असोत. लॉट नंबर नसलेले बियाणे आपण घेतो का?

घटकांची यादी बहुधा इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला वाचायला लावा. यादीचा नियम असा की जो घटक सर्वांत जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने पुढचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, ते कोणत्याही क्रमाने. म्हणजे पुढच्या बाजूला भलामोठा आवळा आणि मागे यादीत पहिले नाव ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लिक्विड पॅराफिन’ असेल, तर तुम्ही विकत घेताय ते खनिज तेलापासून शुद्ध केलेले तेल. आवळा बोटभर लांब यादीच्या शेपटाला. हे तेल लावले म्हणून कुणी आजारी पडते असे मी म्हणत नाही. पण आवळ्याचे पैसे देऊन पेट्रोलियमचा माल घ्यायचा असेल तर तो माहीत असून घ्यावा.

साध्या खोबरेल तेलाची तर मोठी गंमत आहे. त्याच्या छोट्या बाटल्या ‘खाद्यतेल’ की ‘केसांचे तेल’ यावर कंपन्या आणि सरकार यांची वर्षानुवर्षे कोर्टबाजी चालली, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की, खाद्यतेल म्हणून विकलेली छोटी बाटली केवळ छोटी आहे म्हणून केसांचे तेल ठरत नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केसांच्या तेलावरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या वादातला जीवच गेला. आपण एवढेच घ्यावे की ज्या बाटलीवर खाद्यतेल लिहिले आहे तिला अन्नाचे निकष लागू आहेत. डोक्याला लावायला ती उत्तम. थंडीत शुद्ध खोबरेल गोठते. पौषातही पाण्यासारखे वाहणाऱ्या तेलाला जरा जाब विचारा.

साबणाचे थोडक्यात सांगतो. वेष्टनावर ‘टीएफएम’ लिहिलेले असते, म्हणजे त्यात तेला-चरबीचा खरा अंश किती. पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. ‘बाथिंग बार’ लिहिलेली वडी या प्रतवारीत बसत नाही. कडुनिंबाच्या चित्रापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

आता मेंदीकडे येतो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे आहे.

मेंदी म्हणजे झुडपाची वाळवून दळलेली पाने. देशात तिचे मोठे पीक राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजत भागात होते. ‘सोजत मेंदी’ला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या पानातला रंग केशरी-तांबडा. भिजवून काही तास ठेवावी लागते, लावून पुन्हा काही तास बसावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी रंग गडद होतो. मेंदी काळी नसते. पुन्हा सांगतो, झाडाची मेंदी काळा रंग देतच नाही. तेव्हा ‘काळी मेंदी’ नावाची पुडी अर्ध्या तासात केस कुळकुळीत करते, ती मेंदीच्या जिवावर नव्हे. त्यात पॅरा-फिनिलीन-डाय-अमाईन नावाचा रासायनिक रंग असतो, त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. पुष्कळांना त्याने काही होत नाही, हे खरे. पण ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांच्या कपाळाला, कानामागे, मानेला खाज सुटते, पाणी सुटते, डोळे सुजून मिटतात. पहिल्या वेळेला काही झाले नाही म्हणून दहाव्या वेळेला होणार नाही, असेही नाही. वावडे मागाहूनही जडते. आपल्याकडे लग्नसराई आली की गावातली पुरुष मंडळी एकाच वाटीत ही पूड कालवून ओळीने मिशा रंगवून घेतात. त्यात सूचनेचा कागद कुणी उलगडलेला मी पाहिलेला नाही.

त्या कागदावर कायद्याने एक इशारा छापावा लागतो. आधी थोड्या जागेवर लावून २४ तास बघा. भुवया आणि पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. हा इशारा ज्या पुडीवर आहे ती पूड नुसत्या पानांची नाही, एवढी खूणगाठ बांधा. आणि ही पुडी फडताळात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडालाही इजा होते. असे काही झाले तर घरगुती उपाय करत वेळ न दवडता माणूस थेट मोठ्या दवाखान्यात न्यावा, आणि पुडीही सोबत न्यावी.

ज्याला झाडाच्याच रंगाने केस काळे करायचे आहेत त्याने आधी मेंदी आणि ती धुतल्यावर नीळीच्या पानांची पूड लावावी. वेळ जातो, पण रंग काळपट येतो. पांढरे केस तसेच ठेवले तरी काही बिघडत नाही, असे आमच्यासारख्या तिशी-पस्तिशीतल्यांनी म्हणणे सोपे आहे, म्हणून ते इथेच सोडतो.

पण याचा अर्थ रासायनिक ते सगळे वाईट आणि झाडाचे ते सगळे चांगले, असा मात्र घेऊ नका. गाजरगवत काय कारखान्यात बनते? १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आले आणि आता बांधावर, पडीक रानात, शाळेच्या आवारात सगळीकडे आहे. शंभर टक्के नैसर्गिक. आणि खुरपणाऱ्या माणसाच्या हाताला, मानेला, पापण्यांना त्याने जी खाज सुटते ती कित्येकांची आयुष्यभर जात नाही. पायाच्या भेगांत बिब्बा भरायची चाल अजून आहे. बिब्ब्याचे तेल उतले की फोड आलेच, आणि साखर असलेल्या माणसाच्या पायाला तर तो खेळ अगदी नको. लिंबाचा रस तोंडाला चोळून उन्हात कामाला गेल्यास चट्टे उठतात, पुढे काळे डाग राहतात. कोरफडीचे पाते कापल्याबरोबर जो पिवळा चीक येतो तो झोंबतो. पाते थोडा वेळ उभे धरून तो निथळू द्यावा, मग आतला गर घ्यावा.

उवांचे तर हात जोडून सांगतो. सीताफळाच्या बिया वाटून तेलातून डोक्याला लावतात, उवा मरतातही. पण ती पूड घामाबरोबर डोळ्यांत उतरली तर बुबुळाला इजा होते; डोळ्यांचे डॉक्टर असे रुग्ण बघत आले आहेत. याहून भयंकर म्हणजे पिकाच्या औषधाचे चार थेंब तेलात कालवून लेकरांच्या डोक्याला लावणे. असे कुणी करत असेल तर आजच थांबवा. लहान मुलाचे डोके म्हणजे कपाशीचे झाड नव्हे. बारीक दातांची फणी रोज फिरवा, आणि उपकेंद्रात किंवा आशाताईंना विचारून उवांचे औषध घ्या.

गोरे करणाऱ्या क्रीमबद्दल लिहायला मला संकोच वाटत होता, पण अकोल्याची हकिकत कळल्यावर तो उरला नाही. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा बोट त्या वापरत असलेल्या क्रीमकडे गेले. त्यात पारा निघाला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी वृत्तपत्रांत आली. पाऱ्याने कातडीतला रंग बनायचा थांबतो, म्हणून काही दिवस तोंड उजळ दिसते, आणि पारा आत शिरून मूत्रपिंडाला भिडतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भागाच्या वर चालत नाही. पण विनापावतीच्या, विनापत्त्याच्या डबीला नियम कोण विचारतो? घटकांत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराईड’ किंवा ‘कॅलोमेल’ दिसले तर डबी सोडून द्या. काहीच लिहिलेले नसेल तरीही सोडून द्या. आणि आठ दिवसांत गोरे करते असे कुणी सांगितले तर त्याच्याजवळ उभे राहू नका.

दुसरा प्रकार औषधाच्या दुकानातल्या ट्यूबचा. नायट्यावर, खाजेवर म्हणून घेतलेली ट्यूब पुढे घरभर तोंडाला लावली जाते. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावे आहेत. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. महिना-दोन महिने तोंडाला लावली की कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, बायकांना दाढी-मिशांसारखी लव येते; सोडली की जास्तच भडकते. वडीलधाऱ्यांनो, आपल्या मुलीला ‘जरा काही लाव तोंडाला, पाहुणे यायचेत’ असे म्हणण्याआधी तिच्या हातात कुठली ट्यूब आहे ते बघा. उन्हात राबलेल्या माणसाचा रंग रापतो. त्यात लाज कसली?

एवढे सगळे नको-नको झाले. मग घ्यायचे काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आपली गत आहे.

शिकेकाई घ्या. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, डोंगराच्या उतारावर ही काटेरी वेल आपोआप वाढते. हिवाळा सरता सरता शेंगा वाळतात. तिच्या शेंगेत, रिठ्याच्या सालीत आणि कोरडवाहू भागातल्या हिंगणबेटाच्या गरात सॅपोनिन नावाचे फेस देणारे द्रव्य असते. साबण अल्कधर्मी, तर शिकेकाईचे पाणी किंचित आंबट. आपली कातडीही किंचित आंबटच. त्यामुळे केस खरखरीत होत नाहीत. ज्यांच्या गावाला बोअरचे जड पाणी आहे त्यांनी हे जरूर करून बघावे. अशा पाण्यात साबणाचा साका होतो, तो केसांत बसतो आणि केस सुंभासारखे होतात. शिकेकाईचा तसा साका होत नाही. शॅम्पूचाही होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शॅम्पू म्हणजे विष, असे माझे म्हणणे नाही.

करायची रीत आजींना विचारा, नाहीतर अशी करा. पाच-सहा शेंगा मोडून, बी फोडून काढलेले दोन रिठे आणि मूठभर वाळका आवळा रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर उकळा, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून फडक्याने गाळा. गाळणे महत्त्वाचे, नाहीतर कण केसांत अडकतात आणि पोरी पुन्हा नाव काढत नाहीत. डोळे मिटून घ्या, कारण रिठा डोळ्यांत झोंबतो. फेस शॅम्पूएवढा येत नाही, आणि फेसाने मळ निघतो असेही नाही. हे पाणी दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. ज्याला रोज कामावर जायची घाई आहे त्याला हे जमणार नाही, मान्य. आठवड्यातून एकदा, रविवारी, घरातल्या सगळ्यांचे मिळून करा.

पिकते तिथे विकत नाही, हे तर आपल्या पाचवीलाच पुजलेले. उसात, कांद्यात ज्याच्या नावाने आपण बोटे मोडतो तो लव्हाळा. त्याची गाठ म्हणजे उटण्यातला नागरमोथा. दिवाळीत त्याची पुडी आपण दुकानातून आणतो. कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल टाचांच्या भेगांना लावायची जुनी रीत आहे. तेच आता ‘कोकम बटर’ नावाने शहरात काचेच्या बरणीत विकले जाते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळाले. घरची हळद घरी दळा, उटण्याला तीच घाला. बाजारातल्या भडक पिवळ्या पुडीत कधी कधी शिशाच्या रंगाची भेसळ सापडते, म्हणून म्हणतो. कुंकवाचेही तेच. हळदीपासून बनवलेल्या कुंकवासाठी सोलापूर जिल्ह्यातले करमाळा तालुक्यातले केम गाव प्रसिद्ध आहे. रंग घातलेल्या कुंकवाने मात्र काहींच्या कपाळाला खाज सुटते. टिकलीच्या चिकटीने जागा पांढरी पडू लागली तर ती टिकली ताबडतोब बंद करावी.

मात्र बांधावरून काही घेताना एक काळजी. ज्या रानात आठ-पंधरा दिवसांत फवारणी झाली आहे, तिथल्या कडेची कोरफड, जास्वंद, कडुनिंबाचा पाला डोक्याला लावायला आणू नका. तणनाशक मारलेल्या वावरातला नागरमोथाही नको. यासाठी घराजवळ, परसात दोन-चार झाडे वेगळी ठेवलेली बरी.

आता सरपंच, सदस्य आणि ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो ते ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याशी दोन शब्द.

हिशेब करू. घरात पाच माणसे, प्रत्येकी आठवड्याला दोन पुड्या, पुडी दोन रुपयांची. वर्षाला ५२० पुड्या आणि १,०४० रुपये. तीनशे उंबऱ्यांचे गाव धरले तर दीड लाखाहून जास्त रिकाम्या पुड्या. या जातात कुठे? ओढ्याच्या घाटावर, गटारात, उकिरड्यावर. उकिरड्याचे खत शेतात, पुड्याही शेतात. गाई-म्हशी खरकट्याबरोबर त्या खातात. या पुड्या प्लास्टिकचे आणि चकाकत्या पत्र्याचे थर चिकटवून केलेल्या असतात, भंगारवालाही त्या घेत नाही. प्लास्टिक कचरा नियम २०१६ साली आले तेव्हापासून ही जबाबदारी नगरपालिकेप्रमाणे ग्रामपंचायतीवरही आहे. घाटावर नुसती एक जाळीची पेटी ठेवली आणि महिन्याकाठी ती रिकामी केली, तरी ओढ्याचा श्वास मोकळा होईल. घरांनी पुड्यांऐवजी मोठी बाटली घेतली तर कचरा त्याहून कमी.

न्हाणीचे पाणी केळीला, अळूला सोडायची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. शिकेकाई-रिठ्याचे पाणीही तिथे खुशाल जाऊ द्या. पण तेच पाणी मासे सोडलेल्या शेततळ्यात किंवा डबक्यात ओतू नका. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधते, मासे मरतात. झाडाचे आहे म्हणून ते माशाला माफ करत नाही.

आणि पर्यावरणपूरक असल्याचा जो डांगोरा डबीवर असतो, त्यालाही आता कायद्याची वेसण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली. ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ असे शब्द वापरायचे तर कंपनीने त्याचा पुरावा दिला पाहिजे. सरकारचे ‘इकोमार्क’ नावाचे चिन्ह तर १९९१ सालापासूनचे, मातीच्या माठाचे चित्र असलेले. त्याचे नियम २०२४ साली नव्याने आले. तो माठ तुम्हाला किती डब्यांवर दिसला ते आठवून बघा. फसगत झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण तक्रारीला पावती लागते. दोन रुपयांच्या पुडीची पावती कुणी देत नाही, क्रीमची आणि तेलाची मागून घ्यावी. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला खर्च नाही.

बचत गटांच्या ताईंनाही सांगायचे आहे. दिवाळीत उटणे, साबण करून विकायचा उद्योग चांगला आहे, गावाला पैसा देणारा आहे. शिकेकाईची वाळकी शेंग बाजारात नेऊन विकणे वेगळे आणि ती दळून, डबीत भरून ‘केसांसाठी’ म्हणून विकणे वेगळे. दुसऱ्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. साबणालाही लागतो. वर ज्या डबीवाल्यांना मी बोल लावला, त्यांच्या रांगेत आपण बसायचे नसेल तर परवाना, बॅच नंबर आणि खरे घटक लिहूनच माल बाहेर काढावा. कुठलीही कंपनी ‘कोरफडीची रोपे आम्ही देतो, माल आम्हीच घेतो’ म्हणत आली तर आगाऊ पैसे देण्याआधी लेखी करार आणि तिचा आधीचा खरेदीदार शेतकरी, दोन्ही बघा. कोरफड वाढते, प्रश्न ती घेणार कोण हा आहे.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर तरी. लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या शिवारात शिकेकाई, रिठा, हिंगण, नीळ कुठे आहे ते लिहून काढा. नसेल तिथे लावायला ग्रामपंचायतीची पडीक जागा आहे, शाळेचे कुंपण आहे.

लावायचे झाले तर असे. शिकेकाईचे बी टणक कवचाचे असते. पाणी चांगले गरम करून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. फुगलेले बी निवडून माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लावा; हे काम उन्हाळ्यात उरकले तर पहिल्या चांगल्या पावसावर रोप जागेवर लावता येते. वेल काटेरी आहे आणि वर चढायला आधार मागते, म्हणून जिथे जनावरे शिरतात त्या बाजूच्या कुंपणालाच लावा; राखणही होईल. वाटेच्या कडेला मात्र नको, येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे फाटतील. शेंग धरायला काही वर्षे जातात. रिठ्याला त्याहून जास्त. तो लावणारा मुलांसाठीच लावतो. बी मिळत नसेल तर घाटमाथ्याकडच्या आठवडे बाजारात वाळक्या शेंगा येतात, त्या फोडून बी काढा आणि सालीने डोके धुवा.